पाण्यात राहणारी गाठ

आमच्या जेलच्या शंभर ग्रॅममध्ये ऐंशी ग्रॅमच्या वर पाणीच असतं. उरलेल्या वजनात पॉलिमरच्या लांबच लांब साखळ्या, आणि त्या साखळ्या जिथे एकमेकींना बांधलेल्या असतात त्या गाठी. गाठी नसत्या तर साखळ्या पाण्यात विरघळून गेल्या असत्या. गाठी आहेत म्हणून पाणी आत शिरतं, जाळं ताणलं जातं आणि एका ठरावीक फुगवट्यापाशी येऊन थांबतं. हातात घेतलं तर मऊ, गार, निसटतं. शरीरातल्या मऊ ऊतींचा पोत बराचसा असाच असतो, म्हणून शरीराच्या आत ठेवायच्या वस्तूंसाठी हायड्रोजेलचं आकर्षण गेली साठएक वर्षं टिकून आहे.

मी पुण्यात एका लहानशा कंपनीत पॉलिमर रसायनाचं काम करते. त्वचेखाली ठेवायच्या एका छोट्या उपकरणाला जेलचं आवरण हवं आहे. ते उपकरण काय मोजतं हे कराराने बांधलेलं असल्यामुळे इथे लिहिता येणार नाही; आवरणाबद्दल मात्र मोकळेपणाने बोलता येतं. त्यातून साखरेसारखे छोटे रेणू आरपार जायला हवेत, पेशी बाहेरच राहायला हव्यात, आणि घातल्या दिवशी ते जसं होतं तसंच काही वर्षांनी असायला हवं. पहिल्या दोन अटी आम्ही लवकर पुऱ्या केल्या. तिसरी अट हेच माझं काम.

या विषयावरचे शोधनिबंध चाळले तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. शरीरात हळूहळू विरघळून जाणाऱ्या जेलवर ढिगाने लिहिलेलं आहे: पेशींना तात्पुरता आधार देणारी, औषध सोडून नाहीशी होणारी, शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे चिकटून राहून निघून जाणारी. न विरघळणाऱ्या जेलवर त्या मानाने फार थोडं. याचं कारण मला साधं वाटतं. पीएच.डी.चा विद्यार्थी जेलचं विरघळणं तीन महिन्यांत दाखवू शकतो. जेल टिकतं हे दाखवायला त्याची फेलोशिप पुरत नाही. त्यामुळे टिकाऊपणाबद्दलचं पुष्कळसं ज्ञान प्रयोगशाळेतून आलेलं नाही, ते रुग्णांच्या शरीरातून आलं आहे, आणि तेही उशिरा.

त्या ज्ञानाची सुरुवात मात्र चांगली झाली होती. प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव लिम यांनी १९६० साली ‘नेचर’मध्ये एक अगदी छोटा निबंध छापला. शरीरात वापरायच्या वस्तू शरीरासारख्याच पाणीदार असाव्यात, ही त्यातली मुख्य कल्पना, आणि त्यासाठी त्यांनी निवडलेला पदार्थ हायड्रॉक्सीइथाइल मेथाक्रिलेट. आमच्या धंद्यात त्याला नुसतं हेमा म्हणतात. १९५८ साली राजकीय कारणांनी विख्टरले यांची तिथल्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतली जागा गेली होती. पुढे १९६१च्या नाताळात त्यांनी घरीच, मुलांच्या मेर्कुर या खेळण्यातल्या धातूच्या पट्ट्या-चाकांचं यंत्र जोडून, साचा फिरवत फिरवत पहिल्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. मला त्याहून जास्त थक्क करते ती त्यांची रसायनाची निवड. हेमाच्या जेलमध्ये जवळपास चाळीस टक्के पाणी असतं. त्या जेलच्या साखळीवर दर दोन कार्बनमागे एक एस्टर बंध लोंबतो, आणि एस्टर म्हणजे पाण्याने तुटणारा बंध, हे अकरावी-बारावीच्या रसायनातच शिकवतात. तरीही हेमाचं जेल वर्षानुवर्षं तुटत नाही.

का तुटत नाही, याचं उत्तर मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा वाटतं. मेथाक्रिलेटमध्ये ज्या कार्बनवर एस्टर बसलेला असतो, त्याच कार्बनवर एक मिथाइल गट असतो. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढाच त्याचा जीव. पण साखळी तयार झाली की तो एस्टरच्या अगदी अंगाला भिडून बसतो आणि पाण्याच्या रेणूला हल्ला करायला जागाच उरू देत नाही. तो मिथाइल गट काढून टाकला की मेथाक्रिलेटचं ॲक्रिलेट होतं. बाटलीवरच्या नावात चार-पाच अक्षरांचा फरक. ॲक्रिलेट लवकर जमतं, जास्त मऊ होतं, हाताळायला सोपं असतं. आणि त्याचा एस्टर उघडा पडलेला असतो.

हा फरक किती मोठा ठरू शकतो हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिलं. डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, सुटला की नेत्रगोलाच्या बाहेरच्या पांढऱ्या भिंतीवर एक पट्टी शिवून भिंत आत दाबायची, म्हणजे पडदा पुन्हा तिला टेकतो, अशी एक जुनी आणि चांगली शस्त्रक्रिया आहे. पट्टी सिलिकॉनची असे. स्पंजसारख्या सिलिकॉनच्या पोकळ्यांमध्ये जंतू दडून बसत, कडक रबर भिंतीत घुसे. म्हणून १९८०च्या दशकात हायड्रोजेलची पट्टी आली. मिथाइल ॲक्रिलेट आणि हायड्रॉक्सीइथाइल ॲक्रिलेट यांचा तो सहपॉलिमर होता. बाजारातलं नाव मिराजेल. मऊ, टाके नीट धरणारी, प्रतिजैविकाच्या द्रावणात भिजवून वापरता येणारी. शल्यविशारदांना ती आवडली यात नवल नाही. पहिली काही वर्षं तक्रारीला जागा नव्हती.

मग सात, दहा, कधी पंधरा वर्षांनी रुग्ण परत येऊ लागले. पापणीखाली गोळा, डोळा हलवताना अडथळा, एकाच्या दोन प्रतिमा. काही ठिकाणी तर तो गोळा गाठीचा आजार समजून तपासण्या झाल्या. प्रत्यक्षात पट्टी फुगली होती. ॲक्रिलेटचे उघडे एस्टर एक-एक करून तुटत गेले होते. एस्टर तुटला की मागे कार्बोक्झिलिक आम्ल उरतं, शरीराच्या ७.४ पीएचला त्यावर ऋणभार येतो, आणि असा भार बसलेली साखळी पाणी अधिकच खेचते. पाणी वाढलं की उरलेले एस्टर आणखी उघडे पडतात. दशकभराने त्या पट्टीचं जे रूप झालं ते रसायनदृष्ट्या बाळांच्या डायपरमधल्या शोषक दाण्यांच्या फार जवळचं होतं. पाणी शोषणाऱ्या पॉलिमरवर इथे पुण्यातही काम झालेलं आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने कोरडवाहू शेतीसाठी ‘जलशक्ती’ विकसित केलं ते याच जातीतलं. मातीत जो गुण हवा, तोच नेत्रगोलाच्या भिंतीपाशी नको. १९९०च्या दशकाच्या मध्यावर ती पट्टी बाजारातून गेली, पण शिवून ठेवलेल्या पट्ट्या रुग्णांच्या डोळ्यांभोवती होत्याच, आणि त्या पुढेही वर्षानुवर्षं फुगत राहिल्या.

माझ्या परिचयाचे एक रेटिना शल्यविशारद परदेशात फेलोशिप करत असताना अशा एका शस्त्रक्रियेला मदतनीस म्हणून उभे होते. मी त्यांना एकदा विचारलं, “डॉक्टर, काढताना अडचण नेमकी काय आली?” ते म्हणाले, “चिमट्यात धरावं तर तुटतं. तुकडा येतो, बाकीचं आतच. पुन्हा धरायचं, पुन्हा तुकडा. शेवटी शीतशलाका लावून ते जागच्या जागी गोठवलं, तिला चिकटलं तेवढं ओढून काढलं, उरलेलं सक्शनने.” मग थोडं थांबून म्हणाले, “तुम्ही लोक आत घालायचं डिझाइन करता. बाहेर काढायचं कोण करतं?”

या प्रश्नाने आमच्या कामाची दिशा बदलली. पुढे त्याकडे येतेच.

आम्ही आवरणासाठी पदार्थ निवडायला बसलो तेव्हा पहिला मुद्दा गाठींचाच होता. पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या दोन्ही टोकांना ॲक्रिलेट लावायचं, त्यात प्रकाशाने सुरू होणारं रसायन घालायचं, अतिनील दिव्याखाली धरायचं, की काही सेकंदांत काचेसारखं स्वच्छ जेल तयार होतं. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये रोज हे जेल बनतं. बाटली मागवली की काम सुरू. आम्ही ते तुलनेसाठी घेतलं. टेक्सासमधल्या संशोधकांनी २०१४ साली प्राण्यांमध्ये ठेवून दाखवलं होतं की ते त्वचेखाली मुख्यतः पाण्यामुळेच, म्हणजे एस्टर तुटूनच, हळूहळू सैल होतं. त्याच साखळीच्या टोकांना एस्टरऐवजी अमाइड बंधाने जोडलेली गाठ दिली तर ते टिकतं. अमाइड म्हणजे प्रथिनांतला बंध. निव्वळ पाण्यात, एन्झाइमची मदत नसताना, असे बंध निम्मे तुटायला शेकडो वर्षं लागतात. आपलं शरीर उभं आहे ते याच बंधावर. शरीरात तो कापणारी एन्झाइम असतात हे खरं, पण ती विशिष्ट अमिनो आम्लांचा क्रम ओळखून कापतात. आमच्या कृत्रिम साखळीत त्यांना ओळखीचं काही सापडत नाही.

अमाइड घ्यायचं ठरवणं सोपं, करणं महाग. टोकं बदलायला दोन-तीन वाढीव पायऱ्या, प्रत्येक पायरीनंतर शुद्धीकरण. मेथाक्रिलअमाइड सावकाश जमतं. ॲक्रिलेटला सेकंद लागतात तिथे याला मिनिटं. हवेतला ऑक्सिजन ती क्रिया अडवतो, त्यामुळे नायट्रोजनखाली काम केलं नाही तर पृष्ठभाग चिकट राहतो. न जुळलेले मोनोमर आत उरतात आणि या कुळातली काही मज्जातंतूंना घातक असतात, म्हणून पाणी बदलत बदलत दिवसचे दिवस धुणं, आणि धुतलेल्या पाण्याचीही तपासणी. आमचे संचालक तेव्हा म्हणाले होते, “मॅडम, एवढ्या किमतीत दुसरं कोणी ॲक्रिलेटमध्ये करून बाजारात आलं तर?” प्रश्न रास्त होता. मी त्यांच्यासमोर मिराजेलचे रुग्णअहवाल ठेवले. त्यातल्या शस्त्रक्रियांच्या तारखा आणि परत आल्याच्या तारखा यांतलं अंतर त्यांनी स्वतः मोजलं. त्यानंतर हा विषय निघाला नाही.

नियमांच्या भाषेत सांगायचं तर ३० दिवसांपेक्षा जास्त काळ शरीराशी संबंध येणारी प्रत्येक वस्तू ‘दीर्घकालीन’. ३१ दिवस आणि ३१ वर्षं एकाच रकान्यात बसतात. आपल्याकडे २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८पासून लागू झाले, आणि जोखमीनुसार अ ते ड अशा वर्गांतली कागदपत्रं आता बरीच कडक आहेत. ती हवीतच. पण कागद पुरे झाले म्हणून जेल टिकत नाही, याची आठवण बनवणाऱ्याने स्वतःच ठेवावी लागते.

आता मोजमापाबद्दल सांगते, कारण आमचा बहुतेक दिवस त्यातच जातो. जेलचा पातळ तक्ता ओतायचा, त्यातून आठ मिलिमीटरच्या गोल पंचने चकत्या कापायच्या, प्रत्येक चकती क्षारद्रावणाच्या वेगळ्या बाटलीत, बुरशी येऊ नये म्हणून किंचित सोडियम अझाइड, आणि बाटल्या ३७ अंशांच्या कपाटात. ठरलेल्या तारखेला चकती बाहेर काढायची, वरचं पाणी टिपायचं, वजन करायचं, दाबून ताठपणा बघायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण टिपण्यातच सगळी मेख आहे. गाळणकागदावर चकती जरा जास्त वेळ राहिली तर आतलं पाणीही ओढलं जातं. कमी वेळ राहिली तर बाहेरचा थेंब वजनात धरला जातो. कडेला नेहमी एक बारीक ओली रेघ राहते, तीवर कागदाचं टोक टेकवायचं, दाबायचं नाही. प्रत्येकाचा हात निराळा, त्यामुळे एका मालिकेची सगळी वजनं एकाच माणसाने करायची असा आमचा दंडक आहे. आमची एक तरुण सहकारी हे काम करते. तिच्या वहीत वजनाच्या शेजारी एक रकाना आहे: ‘कडा’. कडा स्वच्छ, कडा धूसर, कडेला चीर. फुगवट्याचा आकडा बदलायच्या कितीतरी आधी या रकान्यात काहीतरी उमटतं, हे आम्हाला तिच्या वहीमुळे कळलं.

फुगवटा हीच आमची घंटा. गाठ तुटली की तिथल्या साखळ्या मोकळ्या होतात, जाळं ताणलं जातं, पाणी वाढतं. एस्टरच्या तुलनाचकत्यांमध्ये हा आकडा आधी जागचा हलत नाही, मग किंचित चढतो, मग दर वेळी आधीपेक्षा जास्त चढतो, आणि एके दिवशी चिमट्याला चकतीच लागत नाही. बाटलीत नुसतं किंचित घट्ट पाणी असतं. अमाइडच्या चकत्यांची रेघ मात्र सरळ आहे. सरळ रेघ पाहून आनंद होतो, पण ती आजवर सरळ आहे एवढंच ती सांगते.

इथे घाई आडवी येते. पाच वर्षांचं उत्तर पाच वर्षं न थांबता हवं असतं, म्हणून उष्णता वाढवतात. ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढवलं की क्रियेचा वेग दुप्पट. ३७चे ६७ केले की आठपट. वर्षाचं काम दीड महिन्यात. गोळ्यांच्या वेष्टनासाठी वगैरे हे चांगलं चालतं. जेलच्या बाबतीत मी त्यावर एकट्याने विसंबत नाही. कार्बाइड लावून पिकवलेला आंबा रंगाने पिवळा होतो, पण झाडावर जे व्हायचं ते त्यात झालेलं नसतं; तापवून म्हातारं केलेलं जेल तसंच आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं गोठवून-वितळवून केलेलं जेल घ्या. सांध्याच्या कूर्चेसाठी त्याचा बराच विचार झाला आहे, कारण ते चिवट असतं. त्यातल्या गाठी म्हणजे बारीक स्फटिक. खरे रासायनिक बंध त्यात नाहीतच. साठ-सत्तर अंशांच्या पुढे ते स्फटिक सैल पडू लागतात. म्हणजे ६७ अंशांना जे दिसतं ते ३७ अंशांना कधीच घडणार नाही. याच्या उलट आमच्या ग्लायकॉलच्या साखळ्या गरम पाण्यात थोड्या आक्रसतात, म्हणून गरम कपाटातून काढलेली चकती आधी ३७ला आणून स्थिरावू द्यावी लागते, नाहीतर वजन कमी भरतं आणि जेल टिकलं असा खोटा दिलासा मिळतो. आम्ही ३७, ५० आणि ६० अशा तीन तापमानांना समांतर मालिका चालवतो, आणि तिन्हींमध्ये तुटण्याची पद्धत एकच आहे असं रासायनिक विश्लेषणातून दिसलं तरच गुणाकार करतो. कमी तापमानाची मालिका अर्थातच सगळ्यात संथ. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा तेवढं एक कपाट बॅटरीवर असतं.

आणि बाटलीतलं पाणी म्हणजे शरीर नव्हे. शरीरात कोणतीही परकी वस्तू ठेवली की काही मिनिटांत तिच्यावर प्रथिनांचा थर बसतो, मग न्यूट्रोफिल येतात, मग मॅक्रोफेज. ती वस्तू गिळता आली नाही की मॅक्रोफेज एकत्र येऊन मोठ्या पेशी होतात आणि पृष्ठभागाला चिकटून पेरॉक्साइड आणि तत्सम आक्रमक ऑक्सिजन सोडत राहतात. पेसमेकरच्या तारांवरचं पॉलियुरेथेन यानेच तडकत असे. क्लीव्हलँडच्या जेम्स अँडरसन यांच्या गटाने त्यावर आयुष्यभराचं काम केलं आहे. ग्लायकॉलची साखळी पाण्याला पुरून उरते, पण तिच्यातल्या ऑक्सिजनशेजारचा हायड्रोजन अशा हल्ल्यात निघू शकतो, आणि मग गाठी शाबूत असूनही साखळीच तुटते.

या बाबतीत मला सर्वांत शिकण्यासारखं वाटलेलं उदाहरण म्हणजे एव्हरसेन्स हा त्वचेखाली ठेवायचा ग्लुकोज सेन्सर. त्यात हेमाच्या जातीचं जेल आहे आणि जेलमध्ये ग्लुकोज धरून चमकणारा बोरॉनिक आम्लाचा निदर्शक. जेल टिकत होतं. निदर्शक टिकत नव्हता. कार्बन आणि बोरॉन यांच्यामधला बंध पेशींच्या पेरॉक्साइडने तुटे, आणि सेन्सर आंधळा होई. ते तुटणं थांबवण्यासाठी त्यांनी जेलवर प्लॅटिनमचा सच्छिद्र, अतिशय पातळ थर चढवला. प्लॅटिनम पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. शिवाय जवळच डेक्सामेथासोन हळूहळू सोडणारं कडं, जेणेकरून दाहच कमी राहावा. अमेरिकेत २०१८ साली ९० दिवसांसाठी परवानगी मिळालेला हा सेन्सर २०२४ साली ३६५ दिवसांपर्यंत पोहोचला. नव्वदचे तीनशे पासष्ट व्हायला सहा वर्षं लागली, हे मी आमच्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

दुसरी वाट म्हणजे पेशींना चिकटायलाच जागा न देणं. सिॲटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शाओयी जियांग यांच्या गटाने २०१३ साली दाखवलं की धन आणि ऋण असे दोन्ही भार शेजारी-शेजारी असलेलं जेल उंदरांच्या त्वचेखाली तीन महिने ठेवलं तरी त्याभोवती तंतूंचा कोष बनला नाही. आम्ही या कल्पनेवर जीव लावला आहे. फक्त ते भार साखळीला एस्टरने न जोडता अमाइडने जोडायचे, हा आमचा आग्रह, आणि त्याचं कारण वर आलंच आहे.

निर्जंतुकीकरणाबद्दल थोडक्यात. वाफेची शेगडी म्हणजे १२१ अंशांचं पाणी, एस्टर असता तर तिथेच परीक्षा झाली असती. गॅमा किरणांची सोय महाराष्ट्रात जुनी आहे. तुर्भ्याचं आयसोमेड १९७४ साली सुरू झालं. पण पाण्याने भरलेल्या जेलवर २५ किलोग्रे मात्रा दिली की पाण्याचेच हायड्रॉक्सिल मूलक होतात आणि ते साखळ्या तोडतात किंवा नव्या गाठी मारतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने भाजलेल्या जखमांसाठीची जेलपट्टी याच गुणाचा फायदा घेऊन, किरणांनीच गाठी मारून, तयार केली. आम्हाला मात्र गाठींची संख्या आधीच ठरलेली हवी, म्हणून आम्ही वाफ निवडली. कॅल्शियमचाही उल्लेख करायला हवा. साध्या क्षारद्रावणात तो नसतो, शरीरात असतो, आणि डोळ्यात बसवलेल्या काही पाणीदार लेन्स आत कॅल्शियमचे कण बसून धुरकट झालेल्या आहेत. त्यामुळे एक मालिका रक्तद्रवासारख्या क्षारांच्या द्रावणातही चालते.

आता डॉक्टरांच्या प्रश्नाकडे. बाहेर काढायचं कोण करतं? हिस्ट्रेलिन हे संप्रेरकासारखं औषध वर्षभर सोडणारी साडेतीन सेंटीमीटरची एक कांडी आहे, हेमा आणि तिच्या जवळच्याच मोनोमरची. दंडाच्या आतल्या बाजूला त्वचेखाली बसवतात. २००४ साली ती प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी आली आणि २००७ साली अकाली वयात येणाऱ्या मुलांसाठी. रसायन उत्तम, वर्षभर इमानाने चालतं. पण वर्षाने काढताना ती कधी कधी तुटते, आणि लहान मुलाच्या दंडातून तुकडे शोधत बसणं हे त्या मुलाला आणि शल्यविशारदाला दोघांनाही त्रासाचं. म्हणजे रेणू जिंकूनही वस्तू हरू शकते.

म्हणून आम्ही आवरणाच्या आत पॉलिप्रॉपिलीनची विणलेली बारीक जाळी घातली, तीच जिच्यापासून हर्नियाच्या जाळ्या बनतात. जेल तिच्या वेढ्यांमधून जमतं, त्यामुळे जेल फाटलं तरी तुकडा जाळीला धरून राहतो. त्यामुळे नवे प्रश्न आले: जाळी पाणी शोषत नाही आणि जेल फुगतं, दोघांच्या सीमेवर ताण येतो. त्या ताणाच्या मोजमापासाठी वेगळी मालिका सुरू झाली. आणि चाचण्यांच्या यादीत एक नवी ओळ आली, जी माझ्या माहितीत कोणत्याही मानकात सक्तीची नाही: प्रत्येक वयाच्या नमुन्यातले काही तुकडे वजनासाठी नाही, काढून बघण्यासाठी राखून ठेवायचे. जून झालेलं आवरण कोंबडीच्या मांडीच्या मांसात छोटी खाच करून बसवायचं आणि ज्याने ते बनवलेलं नाही अशा माणसाने ते साध्या चिमट्याने काढायचं. पूर्ण आलं का, किती जोर लागला, मागे काही राहिलं का.

डॉक्टर अधूनमधून शनिवारी दुपारी येतात आणि हे काम स्वतः करतात. मागच्या खेपेला ५० अंशांच्या मालिकेतलं सर्वांत जुनं आवरण त्यांनी एका झटक्यात अखंड बाहेर काढलं, भिंगाखाली धरलं, आणि जाळीच्या कापलेल्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाले, “हे टोक मांसात अडकतंय. वितळवून गोल करा, आणि पुढचे मला ३७चे द्या, गरम केलेले नकोत.” टोकं गोल करायचा साचा टाकला आहे. ३७च्या बाटल्यांपैकी सर्वांत जुन्या बाटल्या दिवाळीनंतर उघडायच्या आहेत.